अठरा मिनिटांचा हिशेब

रोवणी आटोपली की बालाघाटकडच्या वारासिवनीच्या आसपासच्या बांध्यांत पाणी तुंबून असतं आणि धानाची मुळं चिखलात, जवळजवळ हवेविना दिवस काढतात. ऑक्सिजन कमी पडतोय हे धानाला बरोबर कळतं. पेशीतलं एक एन्झाइम ऑक्सिजन असेतोवर काही प्रथिनं मोडीत काढत राहतं; ऑक्सिजन घटला की ती प्रथिनं टिकतात आणि तग धरायची जनुकं कामाला लागतात. याच जातीचं एन्झाइम माणसाच्याही पेशीत आहे, हे ऑक्सफर्डच्या पीटर रॅटक्लिफ यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं. धानाशी आपलं नातं ताटापुरतं नाही म्हणायचं!

माणसाला मात्र एवढ्यावर भागत नाही. श्वास अडला तर मेंदूला काही सेकंदांत खबर हवी. ती खबर देणारा अवयव मानेत, जबड्याखाली, मेंदूकडे जाणारी रोहिणी जिथे दुभंगते तिथे असतो. दोन्ही बाजूंना एकेक. नाव कॅरोटिड बॉडी, आकार तांदळाच्या दाण्याएवढा. बालाघाटच्या ज्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा दाणा डोळ्यांसमोर आणा. हा अवयव रक्ताची चव घेतो, असा अंदाज स्पेनच्या फर्नांडो द कास्त्रो यांनी १९२०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतू पाहून बांधला. नोबेल मात्र १९३८ सालचं, आणि तेही बेल्जियमच्या कॉर्नेल हेमान्स यांना. द कास्त्रो यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, हे मला खटकतं.

त्या दाण्याला ऑक्सिजन ‘कळतो’ कसा, या एका प्रश्नावर नंदुरी प्रभाकर यांची सगळी कारकीर्द उभी आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पीएच.डी., मग अमेरिकेत क्लीव्हलंड आणि पुढे शिकागो विद्यापीठ. उत्तरात निघाले चक्क दोन विषारी वायू. ऑक्सिजन भरपूर असताना या पेशी किंचित कार्बन मोनॉक्साइड बनवतात आणि तो दुसऱ्या वायूला, सडक्या अंड्यांच्या वासाच्या हायड्रोजन सल्फाइडला, दाबून ठेवतो. ऑक्सिजन घटला की पहिला वायू कमी पडतो, दुसरा मोकळा सुटतो आणि मज्जातंतू मेंदूला हाका मारू लागतो.

याहून महत्त्वाचा मला त्यांच्या गटाचा २००३ सालचा प्रयोग वाटतो. घोरता घोरता माणूस एकदम गप्प होतो, शेजारी झोपलेल्याचा जीव टांगणीला लागतो, आणि मग गचका देऊन श्वास पुन्हा सुरू होतो. हा स्लीप अॅप्निया. वय वाढतं तसा तो अधिक आढळतो. प्रयोगशाळेत त्याची नक्कल अशी केली: उंदरांना १५ सेकंद ५ टक्के ऑक्सिजन, मग ५ मिनिटं नेहमीची हवा. तासाला ९ वेळा, रोज ८ तास, असे १० दिवस. हिशेब केला तर ऑक्सिजनची टंचाई दिवसाकाठी जेमतेम १८ मिनिटं भरते. तरी त्या उंदरांची कॅरोटिड बॉडी हवा पूर्ववत झाल्यावरही तासभर मेंदूला हाका मारत राहिली. रोज चार-चार तास सलग विरळ हवेत ठेवलेल्या उंदरांमध्ये असं काही घडलं नाही. नेहमीच्या हवेत १० दिवस काढल्यावर पहिल्या उंदरांची ही खोड गेली, ही त्यातली बरी बातमी.

खोड लागते कशामुळे? शिकागोचा गट आणि २०१९च्या नोबेलचे एक मानकरी ग्रेग सेमेंझा यांनी मिळून शोधलं तेव्हा एचआयएफ-१ आणि एचआयएफ-२ ही प्रथिनांची जोडी सापडली. एक ऑक्सिडीकरण वाढवतं, दुसरं त्याला आवर घालतं. हवेच्या अशा हेलकाव्यांत पहिलं वाढतं आणि दुसरं घटतं. त्याची झळ मेंदूलाही लागते: असे हेलकावे सोसलेले उंदीर चक्रव्यूहातली वाट विसरू लागले, ज्यांच्यात एचआयएफ-१च्या जनुकाची एक प्रत मुळात कमी होती, ते मात्र बचावले.

आता दुसरी बाजू. २०२३ मध्ये हार्वर्डशी संलग्न वंशी मूथा यांच्या गटाने लवकर म्हातारे होणारे उंदीर सतत ११ टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवले. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर असते, जवळपास तशी हवा. त्यांचं मध्यम आयुर्मान १५.७ आठवड्यांवरून २३.६ वर गेलं. म्हणजे ऑक्सिजन कमी असण्यापेक्षा तो वरखाली होणं अधिक बाधतं, असं मला यातून दिसतं. दोन्ही प्रयोग वेगळे, उंदीरही वेगळे, तेव्हा हे अनुमान जपूनच घ्यावं.

अॅप्नियाच्या रुग्णाला आज रात्रभर तोंडावर मुखवटा लावून यंत्राने हवेचा दाब द्यावा लागतो. अनेकांना तो सहन होत नाही. हायड्रोजन सल्फाइड बनवणारं एन्झाइम औषधाने रोखलं, तर श्वास थांबणं कमी होतं, असं प्रभाकर यांच्या गटाला २०१७ मध्ये दिसलं. तेही उंदरांतच.