नडगीस नवें हाड

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पायाच्या पुढल्या बाजूस जें हाड हातास लागतें, तें नडगीचें. त्यावर मांसाचें आच्छादन नाहीं. केवळ कातडी आहे. म्हणून पेण व रोहे तालुक्यांतून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावर एखाद्यास वाहनाचा जबर धक्का बसला, तर नडगीचा चुरा होऊन कातडीही फाटण्याचें भय असतें. हाडाचे मेलेले तुकडे काढून टाकले, कीं मध्यें खिंडार पडतें. पूर्वीं अशा वेळीं बहुधा पायच कापावा लागे. आतां तो अनेकदां वांचवितां येतो. कसा, तें पाहूं.

राबांतील भाताचें रोप मुळांसकट उपटून चिखलांत लावावें, तेव्हांच तें जगतें, हें आपल्या मुलांस ठाऊक आहे. हाडही सजीव आहे. रक्तवाहिन्या हीं त्याचीं मुळें. खिंडार लहान असल्यास कमरेच्या हाडाचा चुरा भरून भागतें, कारण भोंवतालचें रक्त त्यास पोसतें. मोठ्या तुकड्यास मात्र स्वतःच्या वाहिन्या हव्यात.

हें तत्त्व महाराष्ट्रास जुनेंच आहे. १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानाचें नाक कापलें गेलें. पुढें पुण्याजवळ एका वीट पाडणाऱ्या कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी खालीं वळवून नवें नाक केलें. ती कातडी नीट रुजेपर्यंत तिचा देंठ त्यानें तोडला नाहीं. त्यांतून रक्त वाहत राहिलें. ही हकीकत १७९४ सालीं लंडनच्या एका मासिकांत छापून आली.

दूरच्या अवयवास असा देंठ पोंचत नाहीं. ती अडचण सूक्ष्मदर्शकानें दूर केली. नडगीच्या बाजूस एक बारीक हाड असतें. शरीराचा फारच थोडा भार त्यावर पडतो. दुसऱ्या पायांतील तें हाड, वरील कातडी व रक्तवाहिन्या यांसह काढून खिंडारांत बसवितात, आणि केंसाहून बारीक दोऱ्यानें वाहिन्या जोडतात. ऑस्ट्रेलियांतील शल्यवैद्य इयन टेलर यांनीं अशा अस्थिरोपणाचा वृत्तांत १९७५ सालीं प्रसिद्ध केला. सोबत आणलेली कातडी जखम झांकते, व तिचा रंग पाहून आंतील रक्त वाहतें कीं नाहीं, हेंही कळतें. हाड सांधण्यास कित्येक महिने लागतात; पुढें भार पडेल तसें तें जाड होत जातें.

परंतु या कौशल्याचा आरंभ रस्त्यावरच होतो. जखमेस माती, हळद कांहीं लावूं नये. स्वच्छ फडक्यानें झांकून, पाय फळीस बांधून, रोग्यास सत्वर इस्पितळांत न्यावें. पुढें रोग्यानें तंबाखूस शिवूं नये, कारण तिनें वाहिन्या आकसतात. जखम जितकी निर्मळ, तितकी पाय वांचण्याची आशा अधिक, हें लहानथोरांनीं ध्यानांत ठेवावें.