इल्‌खान वंश
इराणमधील एक मंगोल राजवंश (१२५६–१३३५). संस्थापक चंगीझखानाचा नातू हूलागूखान. त्याने १२५८ मध्ये बगदाद जिंकून तेथील अब्बासी खिलाफत नष्ट केली. वारसाहक्काचा निश्चित नियम मंगोलांत नव्हता. मृत खानाचा मुलगा व भाऊ दोघेही गादीवर हक्क सांगत आणि राजपुत्र व सेनानी यांच्या कुरिल्ताई नामक सभेत निवड होई. साहजिकच कलह वाढले. हूलागूचा मुलगा आबाका (कार. १२६५–८२) याच्यानंतर त्याचा भाऊ तेगुदेर खान झाला, पण आबाकाचा मुलगा आर्घून याने १२८४ मध्ये त्यास ठार करविले. १२९५ या एकाच वर्षी गैखातू व बैदू हे दोन खान मारले गेले. त्यानंतर आर्घूनचा मुलगा गाझान (कार. १२९५–१३०४) याने इस्लाम स्वीकारला व वजीर रशीदुद्दीन याच्या साहाय्याने करपद्धती सुधारून विसकटलेला कारभार सावरला. वारसाचा प्रश्न मात्र सुटला नाही. १३३५ मध्ये अबू सईद निपुत्रिक वारला. सरदारांनी आपापले खान पुढे केले आणि जलायरी, चोबानी इ. घराण्यांत राज्य विभागले गेले.