नवे पंथ, जुने प्रश्न (भाग ९) : थर्माकोलचा शंकर

मागच्या भागात आपण वेकोपाशी थांबलो होतो. एप्रिल १९९३ मध्ये टेक्सासमधलं एका पंथाचं ते आवार पेटलं, आतली ७६ माणसं गेली आणि अमेरिकेतल्या अनेक धर्म-अभ्यासकांनी मनाशी खूणगाठ बांधली : पोलीस आणि वृत्तपत्रं एखाद्या पंथाच्या मागे लागली, की आधी पंथाचं ऐकून घ्यायचं. त्यात चूक काहीच नव्हतं. पण ही गाठ किती घट्ट बसली होती, ते दोन वर्षांनी जपानमध्ये दिसलं.

१ जानेवारी १९९५. ‘योमिउरी’ या दैनिकाने बातमी दिली, की फुजी पर्वताच्या पायथ्याशी कामिकुइशिकी गावात सारिन या विषारी वायूचे अंश सापडले आहेत. ओम् शिनरिक्यो पंथाच्या इमारती तिथेच होत्या. इमारतींचं नाव काय, तर ‘सत्यम्’. जपानी उच्चारात ‘सातियान’. त्यातल्या सातव्या ‘सत्यम्’मध्ये रसायनांचा कारखाना होता. बातमी येताच पंथाने घाईघाईने त्याचं देऊळ केलं. यंत्रांपुढे शंकराची अवाढव्य मूर्ती उभी राहिली, तीही थर्माकोलची. गणपतीची मखरं पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना कदाचित ते खटकलं असतं.

हिरोमी शिमादा या धर्म-अभ्यासकाला पंथाने ती जागा हिंडून दाखवली. ही धार्मिक वास्तू आहे, असं त्यांनी लिहिलं. २० मार्चला याच पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडला. डझनाहून अधिक माणसं दगावली, हजारोंना बाधा झाली.

मे महिन्यात गॉर्डन मेल्टन आणि जेम्स लुईस हे दोन अमेरिकी अभ्यासक टोकियोत उतरले. खर्च पंथाचा. हल्ल्यानंतरच्या धरपकडीत धर्मस्वातंत्र्य तुडवलं जातंय, ही त्यांची काळजी होती. ती अगदीच हवेतली नव्हती. साधा कटर जवळ सापडला म्हणूनही पोलीस अनुयायांना आत टाकत होते. पण लुईस पत्रकारांसमोर त्यापुढे गेले : या पंथाला सारिन बनवणं शक्यच नव्हतं. आधार काय, तर पंथानेच पुरवलेले फोटो आणि कागद!

बोभाटा झाला तो तिकिटाच्या पैशांचा. मला ती बाब दुय्यम वाटते. पंथात शिरायचं तर दार पंथानेच उघडावं लागतं, मग अभ्यासक स्वतःच्या खिशातून आलेला का असेना. शिमादांना कोणी विमानाने आणलं नव्हतं, तरी मूर्तीच्या मागे डोकवावं असं त्यांना वाटलं नाही. आरोप करणाऱ्याची उलटतपासणी घ्यायला हे लोक तयारच होते. यजमानाची घेणं मात्र जड गेलं असावं.

शिमादांची महिला विद्यापीठातली नोकरी गेली. ते पंथाचे दीक्षित अनुयायी असल्याचं छापणाऱ्या एका दैनिकावरचा बदनामीचा दावा त्यांनी पुढे जिंकला. ज्या पंथाची त्यांनी बाजू घेतली, त्याने रेल्वेतल्या हल्ल्याच्या आदल्या रात्री ते पूर्वी राहत असलेल्या इमारतीत बॉम्ब उडवला होता. आमच्या शत्रूंनी आमच्या मित्रावर हल्ला केला, असं लोकांना वाटावं म्हणून!