मनोऱ्याचे इवले गवंडी

जंतू हा शब्द कानी पडताच विषमज्वर, पटकी, क्षय अशा रोगांची आठवण होऊन मन दचकते. परंतु सर्वच जंतू मानवाचे वैरी नसतात. एका जीर्ण ख्रिस्तमंदिराला ज्यांनी नवे कवच चढविले, अशा जंतूंची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फ्रान्सच्या पश्चिम भागात तुआर नावाचे गाव आहे. तेथील संत मेदार यांच्या मंदिराचा मनोरा मऊ चुनखडीच्या दगडाचा. पावसाच्या पाण्यात हवेतील आम्ल मिसळते आणि असा दगड कणाकणाने झिजू लागतो. वरून अभेद्य लेप द्यावा, तर आत ओल कोंडून दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून १९९३ साली या मनोऱ्याच्या सुमारे ५० चौरस मीटर भागावर निराळा उपाय योजण्यात आला. निवडक जंतू वाढविलेले पाणी दगडावर फवारले आणि पुढे काही दिवस त्यांना पोषक द्रव्यांचे खाद्य दिले.

हे जंतू अन्न पचवितात तेव्हा कर्बाम्ल वायू व अमोनिया बाहेर पडतात. अमोनियामुळे भोवतालचे पाणी क्षारधर्मी होते आणि कर्बाम्ल वायूपासून कार्बोनेट तयार होते. पाण्यातील कॅल्शियम जंतूच्या अंगाला चिकटते. दोहोंच्या संयोगाने कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक बनतात व अखेर त्या जंतूलाच वेढून टाकतात. जो दगड त्याने घडविला, त्यातच तो गाडला जातो. हा थर केसाहूनही पातळ असतो. दगडाची छिद्रे तो पुरती बुजवीत नाही, त्यामुळे आतील ओल बाहेर पडू शकते. मात्र पावसाचे पाणी कमी शोषले जाते.

हा पदार्थ आपणांस परका नाही. भिंतीवर लावलेला विरी चुना हवेतील कर्बाम्ल वायू घेऊन कॅल्शियम कार्बोनेटच होतो. जांभ्या दगडाच्या भिंतींना आपले पूर्वज चुन्याचा गिलावा देत, तो याच रक्षणासाठी.

परंतु जंतूंचा हा थर कायमचा नव्हे. काही वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो. मोठी भेग वा तुटलेला कोपराही त्याने भरून येत नाही. रक्षण वेळीच करावे लागते. मंदिराची भिंत ढासळली म्हणजे आपण वर्गणीसाठी धावतो. पण गिलाव्याचा पोपडा सुटला असता तेथे हात फिरविण्यास कोणाला सवड नसते. येत्या मृगापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या मंदिराच्या भिंती एकदा निरखून पाहाव्यात, एवढीच आमची विनंती.