उसावरचा लोकरी मावा



उसाचे पान कधी उलटून पाहिलंत का? मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना कापूस चिकटवल्यासारखा पांढरा थर दिसला, तर तो लोकरी मावा समजा. ही लोकर म्हणजे किडीच्या अंगातून पाझरणारे मेण. तिच्याआड बसून मावा सोंडेने पानाचा रस शोषतो. रसातली जादा साखर तो चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. ते थेंब खालच्या पानांवर पडतात आणि त्यांवर काळी बुरशी वाढते. पानाला ऊनच मिळेना, तर उसात साखर भरणार कुठून?

या माव्याची मादी नराशिवायच जिवंत पिलांना जन्म देते. म्हणून बघता बघता फड पांढरा होतो. २००२ साली सांगली भागात असेच झाले.

अशा वेळी हात चटकन औषधाच्या पंपाकडे जातो. पण जरा थांबा! डिफा नावाच्या पतंगाची अळी माव्याच्या थरातच जाळी विणून राहते आणि मावा फस्त करते. मायक्रोमस या कीटकाची अळीही तेच काम करते. सरसकट फवारणी केली, तर हे राखणदारही मरतात. त्याऐवजी डिफाच्या अळ्या असलेली पाने कापून माव्याच्या दुसऱ्या फडात नेऊन लावावीत.

गुरुजी, मुलांना एकदा भिंग घेऊन बांधावर न्याच. अळी दिसली की लगेच चिरडायची नाही. ती पान खाते की मावा खाते, हे आधी पाहायचे.