ताकद इंजिनात, पकड मातीत

उसाचा हंगाम सुरू झाला की घोडेगाव, सोनई, शनिशिंगणापूर या पट्ट्यात एकाच रस्त्यावर दोन प्रकारची गर्दी होते. एक शनिदर्शनाला निघालेल्या गाड्यांची. दुसरी सोनईच्या मुळा कारखान्याकडे किंवा भेंड्याच्या ज्ञानेश्वर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांची, मागे शीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या घेऊन. भाविकांना डांबरावरची ही रांग तेवढी दिसते. ट्रॉलीचा खरा कस त्याआधीच, फडापासून डांबरापर्यंतच्या पाणंदीत लागलेला असतो.

मुळा धरणाच्या उजव्या कालव्याने या भागात ऊस आणला आणि काळ्या मातीला ओलही आणली. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते. त्याचे सूक्ष्म पापुद्रे पाणी आत घेऊन फुगतात; वाळले की आकसतात आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वाफसा, म्हणजे बेताची ओल, असताना हीच माती भार छान पेलते. पण शेजारच्या फडाला पाणी सोडले की पापुद्र्यांमधले पाणी वंगणाचे काम करू लागते आणि कालची टणक गाडीवाट आज चाक गिळते.

समजा, भरलेली ट्रॉली १० टनांची आहे. डांबरावर ती चालती ठेवायला वजनाच्या साधारण दोन टक्के, म्हणजे २०० किलोची ओढ पुरते. सुक्या कच्च्या वाटेवर पाच टक्के धरा: ५०० किलो. भिजल्या मातीत चाक रुतते, पुढे मातीचा बांध ढकलत जाते आणि ओढ १० टक्क्यांवर, म्हणजे एक टनावर जाते. एवढी ओढ ताशी पाच किलोमीटर वेगाने द्यायला २० अश्वशक्तीही लागत नाही. ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला हे जड नाही.

अडते ते पकडीपाशी. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर दीड टन भार असेल, तर सुक्या मातीत त्याच्या ६० टक्के, म्हणजे ९०० किलो ओढ मिळू शकते. ओल्या चिकणीत हे प्रमाण निम्म्यावर येते आणि हाती उरतात जेमतेम ४५० किलो. एकाच पाण्याने गरज दुप्पट केली आणि पकड निम्मी केली. मग चाक जागच्या जागी फिरते, खड्डा खोल होतो. अशा वेळी जास्त अश्वशक्ती केवळ खड्डा लवकर खणते. म्हणूनच ट्रॉल्या एकेक करून बाहेर काढायच्या, पुढे दुसरा ट्रॅक्टर जोडायचा आणि डांबरावर आल्यावर दोन्ही ट्रॉल्या एकामागे एक लावायच्या, ही चालकांची पद्धत शास्त्राला धरूनच आहे.

वाफसा येईपर्यंत थांबावे, तर तोडलेला ऊस थांबू देत नाही. तो सुकून वजन घटते आणि त्यातली विकरे साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करू लागतात.

या घाईत होणारी सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे ट्रॅक्टरचे पुढचे चाक उचलले जाणे. मागची चाके मातीत अडकली आणि इंजिन जोर लावत राहिले, तर त्या जोराने ट्रॅक्टरचे धूडच मागच्या आसाभोवती वर फिरू लागते. हूक आसापेक्षा उंच असेल तर ट्रॉलीची ओढही त्याला मागे खेचते. ट्रॅक्टर मागे उलटायला दीड सेकंदही पुरतो. क्लच दाबायचा विचार मनात येईपर्यंत वेळ गेलेली असते. पुढे वजन हवे म्हणून माणसे बंपरवर उभी राहतात, हे पाहून जीव घाबरतो. त्या जागी लोखंडी वजने लावावीत, माणूस कधीही नाही. आणि हूक खालच्याच जागी ठेवावा.

भाराची जागाही महत्त्वाची. परदेशात छोट्या होड्या दोनचाकी ट्रेलरवर घालून कच्च्या रस्त्यांनी तलावापर्यंत नेतात. तिथे एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यावा, असा नियम पाळतात. भार आसाच्या मागे गेला तर ट्रेलर वेगात शेपटी हलवू लागतो. आपल्या दुहेरी ट्रॉल्यांतही पुढचा हिसका मागे वाढत जातो. शेवटची ट्रॉली सर्वांत जास्त झुलते. रात्री ओलांडून पुढे जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्टी नसेल तर त्याला ती दिसणारही नाही.

सुक्या मुरुमाच्या वाटेवर वेगळाच त्रास असतो, आडव्या लाटांचा. टॅबरलेट, मॉरिस आणि मॅकएलवेन या संशोधकांनी २००७ साली फिरत्या वाळूच्या थरावर चाक चालवून दाखवले की ठरावीक वेगापलीकडे या लाटा आपोआप उठतात. वेग त्या मर्यादेखाली राहिला तर पृष्ठभाग सपाट राहतो.

पाणंदींसाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. त्या कामात मुरूम किती पडला हे सगळेच पाहतात. माझी नजर दोन्ही कडांच्या चरांकडे जाते. चर नसतील तर पाणी मुरुमाखालच्या काळ्या मातीत उतरते आणि पहिल्याच हंगामात १० टनांच्या ट्रॉलीच्या चाकाखाली तो मुरूम मातीत बुडतो. चर खोदलेले असतील आणि फडाचे पाणी त्यांतून ओढ्याला लागत असेल, तर त्याच वाटेवरून एका ट्रॅक्टरला एक ट्रॉली दुसऱ्याच्या मदतीशिवाय बाहेर काढता येते.