चौकटीचे लाकूड घेताय? आधी हिशेब मांडा

वखारीत जाण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. उंबऱ्यासह 7 बाय साडेतीन फुटांच्या चौकटीला दोन उभे, दोन आडवे मिळून 21 फूट लाकूड लागते. छेद 4 बाय 3 इंच. 4 गुणिले 3, गुणिले 21, भागिले 144. झाले पावणेदोन घनफूट! आडव्यांची टोके भिंतीत शिरतात, तेवढे जास्त धरा. कोणी तीन घनफूट सांगितले तर कसे, ते विचाराच.

जळगाव-धुळ्याकडे जुनी धाब्याची घरे पाडताना सागाच्या तुळया निघतात. त्या जळणात घालू नका. वर्षानुवर्षे वाळलेले हे लाकूड फारसे आकसत नाही. ओल्या लाकडाचा सांधा मात्र मे महिन्यात उघडतो. कडेचा पांढुरका भाग तासून घ्या, वाळवी आधी तोच खाते.